पाघळण्याचा एकेचाळिसावा प्रयोग

तो पहिल्यांदा दिसला तेव्हा म्हाळसाचा उजवा हात तुपाच्या घागरीत अडकला होता, आणि समोर तीन गिऱ्हाइकं उभी होती.

चौतीस साल संपत आलं होतं. सोलापूरला थंडी पडत नाही असं बाहेरगावची माणसं म्हणतात, कारण ती चैत्रात येतात. त्या मार्गशीर्षात मंगळवार पेठेत गिरणीचा सकाळचा भोंगा होऊन गेला तरी घागरीतलं तूप दगडासारखं असायचं. घागर उपडी धरली तरी पडायचं नाही. आपल्याला पडता येतं, हेच ते विसरून जायचं. पळी शिरेना, म्हणून म्हाळसानं बोटांनी कोरायला हात घातला. हात गेला. बांगड्याही गेल्या. परत येताना मात्र बांगड्यांनी घागरीच्या गळ्याशी भांडण काढलं.

"आत्ती, हात अडकला."

"कुनाचा?" गोजाबाई आत्ती म्हणाली. तिच्या डोळ्यांवर वर्षभर पडदा येत होता. आता ती गिऱ्हाईक आवाजावरून ओळखायची आणि तराजू अंदाजानं धरायची.

"माजाच की."

"मग काड."

एक गिऱ्हाईक म्हणालं, बांगड्या फोडा. दुसरं म्हणालं, घागर फोडा. तिसरं काहीच म्हणालं नाही, कारण ते गिऱ्हाईकच नव्हतं. तो एक पंचविशीचा उंच माणूस होता. खांद्याला झोळी, कानामागं पेन्सिल, कोटाचं मधलं बटण गेलेलं, आणि चेहऱ्यावर… चेहऱ्यावर काही नव्हतं. न्हाव्यानं दाढीबरोबर तेही उतरवून घेतलं असावं.

"बगता काय पाव्हणं?" म्हाळसा म्हणाली. "उनात उबं ऱ्हायलाय. सरा जरा. ऊन लागलं की तूप पागळंल, अन् पागळलं की निघंल हात."

तो सरला. झोळीतून कागदाची एक चिठ्ठी काढली, पेन्सिल जिभेला लावली, आणि लिहू लागला.

आत्तीला चिठ्ठी दिसली नाही, पण पेन्सिलीचा आवाज बरोबर ऐकू आला. त्या वर्षी बाजारात डब्यातलं वनस्पती तूप आलं होतं आणि भेसळ हुडकणारे लोक नाक पुढं करून फिरत होते. आत्तीचं तूप चोख होतं. पण चोख माणूसच जास्त घाबरतो. भेसळवाल्याची आधीच तयारी झालेली असते.

"इनिसपेक्टर हाय," ती कुजबुजली. "गप ऱ्हा."

"नाव?" त्यानं विचारलं.

"बसम्मा," आत्ती चटकन म्हणाली. "अक्कलकोट. वय साठ."

शेजारी मिरच्या विकणारी खरी बसम्मा "अय्यो शिवने!" म्हणून ताडकन उठली, आणि पुढं अर्धा तास कानडीत जे काही बोलली ते त्या माणसानं लिहिलं नाही. ते मराठी नव्हतं.

ऊन चढलं. घागरीच्या कडेनं तूप सुटू लागलं आणि म्हाळसाचा हात हळूच, एकेक बांगडी करत, बाहेर आला. मनगटापासून बोटांपर्यंत पिवळा, चकचकीत. ती बघत होती हाताकडे. तो बघत होता… तिला वाटलं हाताकडेच. मग दोघांनी एकदम दुसरीकडं बघितलं. दुसरीकडं नेमकी बसम्मा होती, म्हणून दोघांना परत एकमेकांकडं बघावं लागलं.

"मी इन्स्पेक्टर नाही," तो म्हणाला. "सिद्धनाथ माझं नाव. पुण्याच्या एका कोशमंडळाचा माणूस आहे. शब्द गोळा करतो."

"कशाला? आमी टाकून दिल्यात व्हय?"

"छापायला. कोणता शब्द कोण कशासाठी वापरतं, ते लिहून पाठवायचं. माझ्याकडे 'प' आहे."

"काय हाय?"

"प. अक्षरं वाटून दिलीत. मला प आला. दोन वर्षं झाली, मी प मध्येच आहे."

हे त्यानं अशा आवाजात सांगितलं, की दुसरा एखादा म्हणाला असता, दोन वर्षं मी तुरुंगात आहे.

म्हाळसाला हसू आलं. आत्तीच्या डोळ्यांवर पडदा आल्यापासून ती हसली नव्हती. ओठ थंडीनं उलले होते, ते दुखले. पण आलेलं हसू परत पाठवता येत नाही.

*

दुसऱ्या दिवशी तो परत आला. तिसऱ्याही. तुपाच्या दुकानाइतकं पाघळणं सोलापुरात दुसरीकडं कुठं होत नाही, असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात तसं खोटं काही नव्हतं.

त्याच्या कामाचे नियम तीन होते. माणूस आपल्या कामाच्या ओघात बोलला पाहिजे. त्याचं नाव, गाव, वय चिठ्ठीवर पाहिजे. आणि गोळा करणाऱ्यानं त्यात स्वतःचं काही घालायचं नाही. तिसरा नियम त्याला इतका अंगवळणी पडला होता, की तो चहासुद्धा दुसऱ्यानं साखर घातली तरच गोड घ्यायचा.

गुळाच्या आडतीत गूळ पाघळला, तो त्यानं लिहिला. "गोड बोललं की हवालदार पाघळतो" हे केळीवालीकडून मिळालं. आत्ती एकदा वाण्याशी बोलताना स्वतःचा भाव आधी सांगून बसली आणि कपाळ बडवत म्हणाली, "मेली जीब पागळली माजी!" तो इतका खूश झाला, म्हणजे त्यानं पेन्सिलीला टोक काढलं.

"लगीन लिवा की," म्हाळसा एकदा म्हणाली.

"ते ल मध्ये जातं. ल साताऱ्याकडच्या एका गृहस्थांकडे आहे."

"मग पिरेम? त्यो तर प हाय."

"तो जोडाक्षराचा प." त्यानं मान खाली घातली. "तो नगरला आहे."

"म्हंजी तुमच्याकडं नुसतं पापड अन् पादत्रान."

"आणि पाणी, पाळणा, पाहुणा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "पण ते अजून यायचेत. मी पाघळण्यापाशी अडकलोय."

बाजारात बायका हसत. आत्ती हसत नसे. तिला दिसत नसलं तरी वास लागत होता.

कारण म्हाळसासाठी सांगोल्याकडचं स्थळ आलं होतं. धुळा त्याचं नाव. चाळिशीचा, बायको वारलेली, शंभर मेंढरं, चार म्हशी. आत्तीच्या दुकानाला लोणी त्याच्याच घरून यायचं, सांगोल्याच्या मोटारीतून, आठवड्याला दोन गाडगी. त्यानं निरोप धाडला होता: पौष सरता सरता सुपारी फोडायला येतो, माघात लगीन उरकू, आन् आत्तीलाबी घिऊन या, चुलीपाशी बसंल.

त्या शेवटच्या वाक्यानंच म्हाळसाला बांधून टाकलं होतं. आईबाप गेल्यावर आत्तीनं तिला वाढवलं होतं. आता आत्तीला तूप आणि पाणी वासावरूनच ओळखावं लागत होतं. आंधळ्या म्हातारीला चुलीपाशी जागा देणारा जावई रोज मिळत नाही. धुळा वाईट नव्हता. वाईट असता तर किती सोपं झालं असतं.

पौषात लग्नं होत नाहीत, तेवढा एक महिना तिच्या हाती होता. तेवढ्यात कुणी काही बोललं तर. आणि जो बोलायचा तो नियमात बसून चिठ्ठ्या लिहीत होता.

एका सकाळी धुरानं तिच्या डोळ्यांना पाणी आलं. शेगडीवर घागर धरून बसली होती. सिद्धनाथ समोर उकिडवा बसला होता, नेहमीप्रमाणे.

"तुमचं…" तो म्हणाला.

"काय?"

"काजळ. पाघळलंय."

ती दचकली. पदरानं पुसायला गेली तर काजळ गालभर झालं. "लिवा की मग," ती म्हणाली. "नवीन हाय ह्ये."

"नाही लिहिता येत. मी बोललो ना… स्वतःचं चालत नाही."

बोलून झाल्यावर त्याचे कान लाल झाले. चेहरा तसाच, दाढी केलेल्या भिंतीसारखा. पण कान लाल. म्हाळसानं त्या दिवशी कानांवर विश्वास ठेवला.

त्याची बोटं थंडीनं फाटली होती. पेन्सिल धरायची ती दोन तर रक्ताळलेली. तिनं काही न विचारता कोमट तूप बोटावर घेतलं आणि त्याच्या भेगांत भरलं. एकेक भेग. त्यानं हात पुढं धरून ठेवला होता, जणू तो हात दुसऱ्या कुणाचा असून याच्याकडं राखायला दिलाय.

"झोंबतंय?"

"नाही."

"मग डोळं का मिटल्यात?"

त्यानं ते आणखी घट्ट मिटले. ती पुढं झाली तेव्हा बसम्मा मुद्दाम खोकली, आणि पाव शेर मिरच्या उगीचच चाळू लागली. पेठभर ठसका गेला. मग सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी आलं, म्हणून कुणाचं कशानं आलं ते कळलं नाही.

*

भोगीच्या दिवशी गड्ड्याची जत्रा. म्हाळसा बसम्माबरोबर गेली. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी माणसांना पाय ठेवायला जागा नव्हती. अक्षता पडून गेल्या होत्या, नंदीध्वजांच्या उंच काठ्यांमागं लोक पांगत होते, आणि गुळाच्या रेवड्यांच्या दुकानाशेजारी सिद्धनाथ झोळी घेऊन उभा होता. बसम्माला अचानक बांगड्या बघायच्या होत्या. तिला बांगड्या लागत नसत, हातभर पितळी तोडे होते. तरी गेली.

दोघं तळ्याच्या पायरीवर बसले. पाणी गार होतं, वारा त्याहून.

"कुंभाराच्या पोरीची गोष्ट ठावं हाय?" म्हाळसा म्हणाली. "तिनं सिद्धेश्वराला म्हटलं, तुमच्याशीच लगीन करीन. देव म्हनाला, मी जोगी मानूस. माज्या काठीशी कर. अन् तिनं केलं."

"हो. आजच्या अक्षता त्याच्याच."

"लई दिवस मला वाटायचं, काय येडी पोर. काठीशी कुनी लगीन करतं व्हय?" तिनं पाण्यात खडा टाकला. "आता वाटतं, काठीनं निदान न्हाय तर म्हटलं नसंल."

पलीकडं हलवायानं पाकाची कढई उतरवली. गुळाचा वास आला, गोड, जड.

म्हाळसाचं काळीज इतक्या जोरात वाजत होतं की तिला वाटलं बसम्माला बांगड्यांच्या दुकानात ऐकू जाईल. पण पौष निम्म्यावर आला होता. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

"मास्तर…"

"हं?"

"इतकं सगळं पागळतंय ह्या सोलापुरात. तूप पागळतं. गूळ पागळतो. हवालदार पागळतो. तुमी तेवढं… तुमी कवा पागळायचं?"

एवढ्या जत्रेत तिला एकदम काही ऐकू येईना.

सिद्धनाथनं तिच्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. त्याचे ओठ हलले. मग त्याचा हात झोळीत गेला. चिठ्ठी निघाली. पेन्सिल जिभेला लागली.

"व्यक्तीला उद्देशून," तो लिहिता लिहिता म्हणाला. आवाज नेहमीचा, सपाट. "प्रश्नार्थक. हा उपयोग माझ्याकडे नव्हता. एकेचाळिसावा. आभारी आहे."

नाव त्यानं विचारलं नाही. नाव, गाव, वय त्याला पाठ होतं.

म्हाळसा उठली. लुगड्याला लागलेली माती झटकली, पदर नीट केला. "आजून कायी लागलं तर सांगा," ती म्हणाली, आणि पायऱ्या चढून गेली. बसम्मा बांगड्यांच्या दुकानातून बाहेर आली ती हातात बांगड्या नसलेलीच. पोरीचं तोंड बघून तिनं कानडीत एकच शब्द उच्चारला. तो मराठीत असता तरी छापण्यासारखा नव्हता.

दुसऱ्या दिवशी संक्रांत. लोकांनी एकमेकांना तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाले. म्हाळसा आत्तीला म्हणाली, "निरोप धाड धुळ्याला. म्हनावं, सुपारी घिऊन ये."

आत्तीनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. बघायची तिची तीच रीत झाली होती. गाल कोरडे होते. आत्तीला ते रडण्यापेक्षा वाईट वाटलं, पण निरोप गेला.

त्यानंतर सिद्धनाथ आला नाही. स्टेशनाकडच्या वस्तीत शब्द गोळा करतोय, असं कुणीतरी सांगितलं. म्हाळसा रोज घागर शेगडीवर धरायची, तूप मापात ओतायची, ओठांना तूप लावायची. ओठ तरी फाटायचेच. गिऱ्हाईक म्हणायचं, पाघळलं का गं? ती म्हणायची, व्हय. तो शब्द तिच्या तोंडात आता मीठ घातल्यासारखा लागायचा, पण तुपासाठी दुसरा शब्द तिच्यापाशी नव्हता.

*

पौष संपायला दोन दिवस होते. धुळा आदल्या संध्याकाळीच सांगोल्याच्या मोटारीनं येऊन अड्ड्याशेजारच्या धर्मशाळेत उतरला होता. सकाळी दहाला दुकानी येतो, असा त्याचा निरोप. आत्तीनं नऊवारीची घडी मोडली होती. म्हाळसा नेहमीसारखी शेगडीपाशी.

आठाच्या भोंग्याला सिद्धनाथ आला. धावत. टोपी नव्हती. कोटाची उरलेली बटणं चुकीच्या काजांत होती, आणि हातात पोस्टकार्ड.

"हे पुण्याहून आलंय," तो धापा टाकत म्हणाला. "काल संध्याकाळी."

"मला वाचाया येत न्हाय," म्हाळसा वर न बघता म्हणाली.

"मी वाचतो." त्यानं घसा साफ केला. "'प्रयोग क्रमांक एकेचाळीस. अर्थ संदिग्ध. संबोधित व्यक्ती पाघळली किंवा कसे, याचा खुलासा झाल्याखेरीज प्रयोग ग्राह्य धरता येत नाही. तरी उलट टपाली कळवावे.'"

बसम्मानं मिरच्यांचा तराजू खाली ठेवला.

"मग कळवा की," म्हाळसा म्हणाली. "म्हनावं, न्हाय पागळली. दगुड हाय. दगुडबी म्हनू नका, त्यो द मदी जाईल."

"मला कळलं व्हतं."

ती थबकली. त्याची पुण्याची मराठी कुठंतरी वाटेत पडली होती. समोर सांगोल्याच्या माळावरचा एक धनगराचा पोरगा उभा होता, अन् थंडीनं कापत होता. किंवा थंडीनं नाही.

"तितंच कळलं व्हतं, तळ्यावर," तो म्हणाला. "म्हून तर लिवलं. लिवलं की बोलावं लागत न्हाय. दोन वरसं दुसऱ्याचंच लिवतोय मी. माजं म्हनून काय बोलायचं, त्ये कुटं ठिवलंय त्येच सापडंना. मागं वळून येतो म्हटलं तर तू गेली व्हतीस. मग लाज वाटली. मग पंधरा दिस नुसती लाजच वाटत ऱ्हायली… लई वाईट अक्षर हाय माजं, म्हाळसा, पर ह्ये बग." त्यानं दुसरं कार्ड काढलं. "रातीच लिवलंय. उलट टपाली."

"काय लिवलंय?"

"'पाघळली. सबब राजीनामा.'"

बसम्माला मराठी कळत नाही असा तिचा दावा होता. ती पदर तोंडाला लावून रडत होती.

"अन् प?" म्हाळसानं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पानी, पाळना… ऱ्हायलं की सगळं."

"पानी आनील दुसरा कुनीबी."

आता आत्ती बोलली. एवढ्या वेळात तिनं सगळा हिशेब करून टाकला होता. "पोरा, कुठला तू?"

"सांगोल्याकडचा, जवळ्याचा. आईबाप न्हाईत. बोर्डिंगात शिकलो."

"धुळ्याला न्हाय म्हटलं की लोनी बंद. कळतंय का? दुकान काय पान्यावर चालवायचं? अन् मी आंदळी झाले. पोरीसंगं मीबी येनार. मला टाकायची न्हाय."

"तुमाला कुटं जायाचंच न्हाय, आत्ती. मीच येतो हितं. कचेरीपुढं बसून लोकांचं अर्ज लिवीन. अन् केम गावाला मावशी हाय माजी. तिच्या तीन म्हशी हायत."

"तीन?" आत्तीचा चेहरा जरा उजळला.

"त्यातल्या दोन आटल्यात," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

आत्तीनं मोठा श्वास सोडला. तराजूच्या दोऱ्या चाचपल्या. मग म्हणाली, "म्हाळसा, धुळ्याला तूच सांगायचं. त्यानं वाईट काय केलेलं न्हाय. दुसऱ्याच्या तोंडानं सांगू नगंस."

*

मोटार अड्डा धुक्यात होता. धुळा धर्मशाळेच्या पायरीवर बसला होता. पांढरं पागोटं नवं, मिशीला तेल. शेजारी लोण्याची दोन गाडगी आणि घडी घातलेली एक कोरी काळी घोंगडी. म्हाळसाला एकटीला येताना बघून तो उठला, आणि तिनं तोंड उघडायच्या आतच त्याला समजलं. मेंढरं राखणाऱ्याला आभाळ वाचता येतं.

तरी तिनं सगळं सांगितलं. एक शब्द गाळला नाही.

धुळा ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मेंढरं हायत का त्येला?"

"न्हाईत."

"म्हशी?"

"मावशीच्या. एक दुभती."

"मग हाय काय त्याच्यापाशी?"

"चिठ्ठ्या."

धुळानं यावर बराच विचार केला. "चारा लई लागत नसंल," तो म्हणाला.

चेष्टा नव्हती. तो खरंच तिच्यासाठी हिशेब करत होता.

"लोनी ठिवून घ्या," तो म्हणाला. "परत न्हेलं तर वास येईल. ह्ये शेवटचं. घोंगडी मातुर न्हेतो. तुजी म्हून विणून घेतली व्हती, पर थंडी हाय, अन् मोटारीत वारं लई लागतं." मग परतीच्या मोटारीत चढून खिडकीपाशी बसल्यावर, मान बाहेर काढून, "माघात थंडी उतरती. लगीन तवाच करा. म्हाताऱ्या मानसाला बसाया बरं."

इतकं बोलून त्यानं मान आत घेतली. आता मोटारीनं निघून जायचं, एवढंच उरलं होतं.

मोटार निघेना.

ड्रायव्हरनं हँडल मारलं, वीसदा. रात्रभर धुक्यात उभी राहून मोटार गारठली होती. किटलीभर कढत पाणी ओतलं. मोटार ते प्याली आणि गप्प राहिली. धुळा खिडकीत, म्हाळसा खाली, चार हातांवर. एवढा मोठा निरोप घेऊन झाल्यावर आता एकमेकांकडं बघत बसण्यापलीकडं दोघांना काम नव्हतं. पाव तास गेला. एकदा धुळा म्हणाला, "थंडी हाय." म्हाळसा म्हणाली, "व्हय."

"उतरा सगळे! ढकला!" ड्रायव्हर ओरडला.

धुळा उतरला. घोंगडी खांद्यावर टाकून मागं गेला आणि मोटारीला हात लावला. अड्ड्यावरची पाचसहा माणसं आली. त्यांत, म्हाळसाच्या मागोमाग येऊन कडेला थांबलेला, टोपी नसलेला, चुकीच्या काजांत बटणं घातलेला एक उंच माणूसही आला. जागा उरली होती ती नेमकी धुळाशेजारी. दोघांनी खांद्याला खांदा लावला.

"हं… जोर!"

मोटार हलली. दहा पावलं, वीस पावलं. दोघांच्या तोंडांची वाफ एकत्र होत होती. धुळानं कडेनं बघितलं. कोट, पेन्सिल, तुपानं माखलेल्या भेगांची बोटं.

"चिठ्ठीवाला तूच का रं?"

"व्हय, दादा."

धुळानं खांदा आणखी रेटला. पुढं पाचपन्नास पावलं ढकलत गेला. मोटार खोकली, धूर सोडला आणि सुरू झाली. तो धावत दारातली दांडी धरून चढला, घोंगडी अंगाभोवती घट्ट घेतली, आणि मागं वळून म्हाळसाला ओरडून म्हणाला,

"जोर हाय गं त्याच्यात!"

सांगोल्याच्या रस्त्याला मोटार धुक्यात गेली. सिद्धनाथ धापा टाकत परत आला, तर म्हाळसा रस्त्याच्या मधोमध उभी राहून रडत होती. सगळ्या पौषभर न रडलेलं. मोटार गेली त्या बाजूला तोंड करून, हमसून हमसून. त्याला काय करावं कळेना. तो तिच्या शेजारी उभा राहिला. तीही त्याला जा म्हणाली नाही.